वाणातलं वाचनालय

चाळिशी उलटल्यावर माणसाला कांजिण्या याव्यात, यात दुखण्यापेक्षा फजितीच जास्त. संक्रांतीच्या आदल्या दिवसापासून मार्तंडराव दिघे दाराला कडुलिंबाचा पाला लावून घरात पडून होते, आणि चाळीतली माणसं जाता-येता त्यांच्या बायकोला लांबूनच विचारत होती, "काय वनमालावहिनी, बाळ कसंय?" शेवटची खपली पडली त्या शनिवारी संध्याकाळी मार्तंडरावांनी स्वच्छ न्हाऊन धुतलेलं धोतर नेसलं आणि तडक तळमजल्यावरची टोकाची खोली गाठली. तिथलं कपाट पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

कपाटात एकही पुस्तक नव्हतं. वरच्या फळीवर एक मेलेलं झुरळ होतं आणि मधल्या फळीवर भाऊ कोरगावकरांची तपकिरीची डबी होती. बाकी सगळा कारभार रिकामा.

ही खोली म्हणजे 'सर्वांसाठी ज्ञान मंडळ'. घाटकोपरच्या चंद्रप्रकाश शेठच्या चाळीत हे मंडळ मार्तंडरावांनी काढलं, वाढवलं आणि, भाऊंच्या मते, लाडावून ठेवलं. इतर वाचनालयांत वर्गणी असते, अनामत असते, पुस्तक नेताना सही करावी लागते. मार्तंडरावांना या सगळ्याचा मनस्वी तिटकारा. ज्ञानाला कसली आलीय दारात चौकी? रेशनच्या दुकानात साखर आली की दुकानदाराच्या आधी यांच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. नळाला पाणी किती वाजता येणार, कुठल्या दवाखान्यात देवीची लस फुकट टोचतात, सगळं फळ्यावर. ज्याला जे माहीत असेल ते त्याने लिहावं आणि ज्याला हवं त्याने वाचावं. आणि कपाटावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती : 'वर्गणी नाही. सही नाही. कुलूप नाही. पुस्तक न्या, वाचा, आणा.'

आता लोकांनी त्यातलं 'न्या' एवढंच मनावर घेतलेलं दिसत होतं. तेही नेमकं आज! कारण उद्या, रविवारी, रथसप्तमीला, खुद्द चंद्रप्रकाश शेठ खोली बघायला येणार होते. शेठजींनी आजवर खोली फुकट वापरू दिली, पण आता एक गिरणीवाला त्यांच्या मागे लागला होता. त्याला तिथे पिठाची गिरणी घालायची होती. शेठ सरळ माणूस. ते म्हणाले होते, "मार्तंडभाई, आपण डोळ्यांनी बघणार. पुस्तक असेल, वाचणारा असेल, तर खोली कायमची तुमची. नाय तर मग गिरणी. दळण तरी लोकांना लागते." आणि मार्तंडराव छाती काढून म्हणाले होते, "अवश्य या!"

"मी सांगत होतो," दारातून आवाज आला. भाऊ कोरगावकर मंडळाचे खजिनदार होते. मंडळाकडे खजिना नसल्यामुळे त्यांचा सगळा वेळ सावधगिरीचे इशारे देण्यात जायचा. "किती वेळा सांगितलं, मार्तंड, कपाटाला कुलूप लाव. ऐकशील तर शपथ!"

"अरे पण भाऊ, सगळीच्या सगळी? दोनशे पुस्तकं कोण नेईल? चोर तरी ती मधमाश्यांची, ज्वालामुखीची पुस्तकं नेऊन काय करेल?"

"चोर कशाला? सुगंधाबाईंनी नेली." भाऊंनी शांतपणे आपली डबी उचलली आणि चिमूट ओढली. "टोपल्यांतून नेली. मी स्वतः टोपली उचलून डोक्यावर दिली."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"तूच पाटी लावलीस ना, कुणी कुणाला विचारायचं नाही म्हणून?"

 मार्तंडराव तसेच उठले आणि धोतराचा सोगा सावरत दुसऱ्या मजल्यावर गेले.

सुगंधाबाई चाळीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीण. भरदार आवाजाच्या आणि त्याहून भरदार उत्साहाच्या. त्या तिळगुळाचा डबा पुसत होत्या. "या या भावोजी! बरे झालात? चेहऱ्यावर वण नाही राहिले हो फारसे. एक नाकावर आहे, पण शोभतोय."

"वहिनी, पुस्तकं कुठेत?"

"वाटली की!" सुगंधाबाईंचा चेहरा फुलला. "अहो, दरवर्षी मेलं तेच. कुणी कंगवे वाटतं, कुणी गाळणी वाटतं. चाळीत प्रत्येकीकडे सहा-सहा गाळणी झालीत, चहा एकच. मी म्हटलं, यंदा सगळ्यांनी मिळून काहीतरी सुधारलेलं वाण देऊ. दिघेभावोजींनी कपाट भरून ठेवलंय, सगळ्यांचंच आहे म्हणतात. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकेकीच्या ओटीत एकेक पुस्तक घातलं. काय शोभा आली म्हणून सांगू! तुमच्या घरी कांजिण्या, म्हणून वनमालाला बोलावता आलं नाही. तिला चुटपुट लागली असेल, नाही?"

मार्तंडरावांच्या डोळ्यांपुढे दोनशे सवाष्णी आणि दोनशे पुस्तकं फेर धरू लागली. शेजारच्या दोन चाळींतल्या बायकाही आल्या असणार, त्याशिवाय कपाट इतकं चाटूनपुसून स्वच्छ झालं नसतं. "वहिनी, उद्या शेठ येणार आहेत. मला पुस्तकं परत हवीत. उद्याच्या उद्या!"

सुगंधाबाईंच्या हातातून डबा सुटायचाच बाकी राहिला. "परत? वाण परत? अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? तापाने काही झालं का? सवाष्णीने सवाष्णीला दिलेलं वाण परत मागतात होय! कोण देईल? आणि देऊ म्हटलं तर मी देऊ देईन का?"

मार्तंडरावांना वाटलं, या अध्यक्ष आहेत म्हणून ताठ बोलतात. साधी माणसं साधेपणाने देतील. म्हणून ते खाली उतरले आणि कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेल्या दशरथच्या दारात उभे राहिले. दारात दोन कोंबड्या त्यांच्याकडे संशयाने बघू लागल्या. मार्तंडराव आजारी पडण्याआधी या कोंबड्या नव्हत्या.

दशरथची बायको शेवंती पुढे आली. "भावजी, ता पुस्तक? ता देवाकडे ठेवलंय मी. हळदकुकू लावलंय, फूल वायलंय. वाण म्हणान गावला, ता परत कसा देवचा? माझ्या कुकवाचो प्रश्न आसा!" असं म्हणून तिने गळ्यातलं मंगळसूत्र दोन्ही हातांनी धरलं, जणू मार्तंडराव तेच मागायला आले होते.

आतून दशरथने मान बाहेर काढली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाऊनु, पुस्तक लय ब्येस आसा. कोंबड्ये पाळूचा. ही पाण्याक गेली की मी देवापुढसून काढून वाचतंय. ह्ये दोन आणले ते त्यातच बघून. पण माझो अंड्यांचो धडो रवलो हा, तेवढो होवंदे."

एरवी या बातमीने मार्तंडराव हरखून गेले असते. मंडळ काढल्यापासून कुणी पुस्तक वाचून प्रत्यक्ष काही केल्याचा हा पहिलाच दाखला होता. पण आता त्यांना कोंबडीत पीठ दिसत होतं. त्यांनी आणखी चार दारं ठोठावली. कुंदाने 'मलेरियापासून बचाव' कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं होतं आणि ती हातही लावू देईना. शुभाच्या सासूने ज्वालामुखीवरच्या पुस्तकाला रोज उदबत्ती ओवाळायचा नेम धरला होता. सगळीकडे उत्तर एकच : वाण परत करत नाहीत.

घरी येऊन ते खाटेवर आडवे झाले. "वनमाला, संपलं सगळं. उद्यापासून त्या खोलीत गिरणी घरघरणार. लोक ज्ञान घ्यायला यायचे तिथे बाजरी घेऊन येतील."

वनमालाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळी हकिगत ऐकली, आणि आधी त्यांना हळदीकुंकू चुकल्याचंच वाईट वाटलं. मग नवऱ्याचा चेहरा बघून त्याचं जास्त वाईट वाटलं. हा माणूस कचेरीतून दमून येतो आणि विसावा म्हणून फळ्यावर नळाच्या वेळा लिहीत बसतो. वेडा आहे, पण आपला आहे. त्या म्हणाल्या, "एवढं काय हातपाय गाळायचे? वाण परत करता येत नाही, खरंय. पण देता तर येतं!"

"कुणाला? दोनशे बायकांनी तुला दिलं तर तू काय दोनशे पुस्तकं ओटीत घेऊन उभी राहणार?"

"मला कशाला? देवीला. देवीची ओटी भरायला कोण नाही म्हणेल? उद्या रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. तुमच्या खोलीत सरस्वतीची तसबीर ठेवू. सगळ्यांना सांगायचं, ज्ञानाच्या देवीची ओटी पुस्तकानेच भरायची. बघा कशा धावत येतात ते."

मार्तंडराव ताडकन उठून बसले. "माझ्या मंडळात देवी? वनमाला, आपली संस्था ज्ञानाची आहे! तिथे नारळ, तांदूळ, उदबत्त्या..."

"मग गिरणी चालेल?"

मार्तंडराव पुन्हा आडवे झाले. थोड्या वेळाने खाटेवरून आवाज आला, "तसबीर कुठेय?"

तसबीर म्हणजे स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर निघालं. त्यावर सरस्वतीच्या पायाशी कुठल्याशा केशतेलाची बाटली छापलेली होती. ती वनमालाबाईंनी झेंडूच्या हाराखाली अशी बेमालूम झाकली की देवीला जन्मात तेलाशी काही कर्तव्य नसावं. सुगंधाबाईंना निरोप गेला. त्यांना ती कल्पना इतकी आवडली की अर्ध्या तासात ती त्यांचीच झाली, आणि रविवारी सकाळी तिन्ही चाळींत त्यांच्या आवाजात दवंडी पिटली गेली.

रविवारी दुपारी चारपासून रांग लागली. काय तो थाटमाट! नऊवारी, पैठण्या, नाकात नथी, केसांत अबोली, आणि प्रत्येकीच्या पदराखाली एक पुस्तक. सरस्वतीसमोर पाट मांडला होता. एकेक जण पुढे यायची, हळदकुंकू वाहायची, तांदूळ, सुपारी, खण ठेवायची आणि वर पुस्तक ठेवून डोकं टेकायची. शेवंतीही आली. तिच्यामागे दशरथ मिळतील तेवढी पानं उरकत चालला होता. तिने पुस्तक त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. पाटावरची रास वाढत वाढत तसबिरीच्या गळ्यापर्यंत आली. कोपऱ्यात उभे राहून मार्तंडराव एकेक पुस्तक ओळखत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. मधमाश्या आल्या. विजेची दुरुस्ती आली. ज्वालामुखी आला, उदबत्तीचा वास घेऊन.

"गिरणी टळली रे!" ते भाऊंच्या कानात म्हणाले.

"शेठ अजून आले नाहीत," भाऊ म्हणाले. "मला तर धाकधूक वाटतेय."

तेवढ्यात शेठ आलेच. पांढरी टोपी, लांब कोट, बरोबर त्यांच्या पत्नी जयंतीबेन, आणि मागोमाग तो गिरणीवाला. त्याच्या हातात खोली मोजायची फीत होती, एवढा त्याला भरवसा. दारातली गर्दी बघून शेठ थबकले. "अरे बाप रे! इतके लोक? आपण तर समजलो इकडे कोण कुत्रा पण नाय फिरकत." जयंतीबेन सरळ पाटाशी गेल्या, देवीला नमस्कार केला, आणि पुस्तकांची रास बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. गिरणीवाल्याने फीत हळूच खिशात घातली.

"वाह!" शेठ म्हणाले. "मार्तंडभाई, पुस्तक तर हाय. भरपूर हाय. आता वाचणारा पण बघू. हे लोक पुस्तक घरी नेतात ना?"

मार्तंडरावांना हाच क्षण हवा होता. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. "शेठजी, बघाच आता. बायांनो, बंधूंनो, या! हे ज्ञान तुमचं आहे. ज्याला जे हवं ते पुस्तक उचला आणि घरी न्या!"

कुणी हललं नाही.

"अहो, या ना! लाजता काय? शुभा, तू ये. कुंदावहिनी, तुम्ही?"

कुंदा दोन पावलं मागे सरकली. सुगंधाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सगळ्या घाटकोपरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भावोजी, असं काय करता? देवीला वाहिलेलं कुणी उचलून घरी नेतं का?"

"देवीची वस्त घेतली तर घर बसात!" शेवंती म्हणाली.

मार्तंडरावांचा चेहरा खरपूस भाजलेल्या भाकरीसारखा झाला. त्यांनी वनमालाबाईंकडे पाहिलं. वनमालाबाईंनी खाली पाहिलं. इथपर्यंतचा विचार त्यांनीही केला नव्हता. मार्तंडरावांनी स्वतःच एक पुस्तक उचलून भाऊंच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला, तर भाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी खजिनदार आहे, पण पापाचा नाही," ते म्हणाले.

शेठच्या कपाळाला आठी पडली. "मार्तंडभाई, हे तर मंदिर झाला. मंदिर आपल्या घराच्या बाजूला पण हाय, मोठा हाय, घंटा पण हाय. आपण खोली वाचनालयाला देणार होतो. इथे तर पुस्तकाला कोण हात पण लावत नाय!" मागे गिरणीवाल्याचा हात पुन्हा खिशाकडे गेला. फितीचं टोक बाहेर आलं, मग वीतभर फीत आली. मार्तंडराव तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या खोलीला आपण एकदाही कुलूप घातलं नाही, ती आता आपल्यासाठी बंद होणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं.  

आणि नेमक्या त्या वेळी जयंतीबेननी, ज्यांना या सगळ्या भानगडीतलं काही कळलं नव्हतं, देवीसमोरून उठता उठता उजवा तळवा पुढे केला. देवीच्या दारी आलेली कुठलीही बाई जसा करते तसाच. "प्रसाद आपो ने, भाई."

प्रसाद! साखर रेशनची, तीही घरात संपलेली. नारळ फोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. तळवा तसाच पुढे. सगळी खोली त्या तळव्याकडे बघतेय. मार्तंडरावांचा हात आपोआप पाटाकडे गेला, राशीतलं वरचं पुस्तक त्यांनी उचललं आणि जयंतीबेनच्या तळव्यावर ठेवलं. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते कोंबड्यांचं होतं. कांदासुद्धा न खाणाऱ्या जैनाघरच्या बाईला! भाऊंनी विजेच्या चपळाईने ते काढून ज्वालामुखीचं ठेवलं.

जयंतीबेननी पुस्तक दोन्ही डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, आणि गोड हसल्या.

 मग सुगंधाबाई म्हणाल्या, "अग्गोबाई, प्रसाद होय! मग आधी सांगायचं ना!" आणि त्यांनी तळवा पुढे केला.

नंतर जे झालं त्याला रांग म्हणायचं की झुंबड, हे ठरवणं अवघड. प्रसाद नाकारायची कुणाची छाती! तिन्ही चाळींतल्या बायका, त्यांचे नवरे, रस्त्याने जाणारा कल्हईवाला, सगळे उजव्या हाताखाली डावा हात धरून पुढे सरकू लागले. मार्तंडराव एकेकाच्या हातावर पुस्तक ठेवत होते आणि तोंडाने पुटपुटत होते, "वाचा हं, नुसतं कपाळाला लावू नका, वाचा!" दशरथने जीव खाऊन रेटारेटी केली आणि आपलं कोंबड्यांचं पुस्तक मिळवूनच घरी गेला. अंड्यांच्या धड्याला त्याने दारातच सुरुवात केली होती. गिरणीवाल्याच्या हातावरही एक पडलं. तो नको म्हणाला नाही. उलट दोनदा कपाळाला लावलं.

शेठ हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होते. "मार्तंडभाई," ते शेवटी म्हणाले, "आपण मुंबईत लायब्ररी खूप बघितली. पण पुस्तकासाठी माणसं अशी हात पसरून उभी राहिलेली नाय बघितली. खोली तुमची. कायमची. उद्या मुनीमला पाठवतो, कागद करून टाकू." आणि गिरणीवाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेले.

भाऊंनी डबी पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदाच मार्तंडरावांनी तपकीर ओढली आणि सलग सात शिंका दिल्या. प्रत्येक शिंकेला त्यांना हसू येत होतं. खोली वाचली होती! आता लोक पुस्तकं वाचतील, परत आणतील, दुसरी नेतील. कायमचं चालेल हे. त्यांनी खोलीकडे पाहिलं. गर्दी पांगली होती. पाटावर तांदूळ होते, सुपाऱ्या होत्या, आणि एकच पुस्तक राहिलं होतं, मलेरियाचं.

वनमालाबाई पदर सावरत पुढे आल्या आणि त्यांनी तळवा पसरला.

"तूसुद्धा?" मार्तंडराव हसत म्हणाले. त्यांनी पुस्तक तिच्या हातावर ठेवलं, पण सोडलं नाही. "घे. पण वाचून झालं की परत आणून ठेवशील ना कपाटात?"

वनमालाबाईंनी पुस्तक हळूच सोडवून घेतलं आणि कपाळाला लावलं.

"अहो, काहीतरीच काय," त्या म्हणाल्या, "प्रसाद कुणी परत करतं का?"